कोटाखालचं चामडं

सासरे नागपूरहून यायच्या आदल्या शनिवारी नवऱ्याने गार्डनमधली शेड रिकामी केली. कातड्याच्या गुंडाळ्या, रंगाच्या बाटल्या, मेणाचा दोरा, अर्धवट शिवलेली होल्स्टर्स असं सगळं खोक्यांत भरून शेजाऱ्यांच्या गॅरेजमध्ये गेलं. शेजारी निवृत्त इंग्रज गृहस्थ आहेत. त्यांनी कारण विचारलं. "वडील येताहेत," नवरा म्हणाला. त्यांना एवढं पुरलं. वास मात्र खोक्यांत भरता येईना. झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याचा वास लाकडात मुरतो. म्हणून शेडमध्ये उदबत्ती लावली.

आम्ही रीडिंगला राहतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये आहे. शेडमधलं काम तो नोकरी सांभाळून करतो. तो खांद्याला अडकवायची होल्स्टर्स शिवतो, म्हणजे रिव्हॉल्व्हर ठेवायची चामड्याची म्यानं, जी कोटाखाली घालतात. जुन्या चित्रपटांतला पोलीस कोटात हात घालून लांब नळीचं भलंमोठं रिव्हॉल्व्हर काढतो, त्यासाठी लागतात तशी. इंग्लंडमध्ये खरं रिव्हॉल्व्हर घरात असण्याचा प्रश्नच येत नाही. खऱ्यासारखं दिसणारं नकलीसुद्धा रस्त्यावरून मिरवता येत नाही. त्यामुळे त्याची गिऱ्हाइकं चित्रपटवेडी आहेत. त्यांच्याकडे भडक रंगाचं प्लॅस्टिकचं रिव्हॉल्व्हर असतं, ते फॅन लोकांच्या मेळाव्यापुरतं बाहेर निघतं आणि बाकीचा वेळ कपाटात असतं. पण होल्स्टर त्यांना अस्सल हवं असतं. त्याच्यासोबत गोळ्यांची पाकिटं, बेड्या ठेवायची डबी, पट्टा कमरेला बांधून ठेवणारी वादी हेही लागतं. यातली एकही वस्तू कोणाच्या उपयोगाची नाही. नवऱ्याला हे काम आवडण्यामागे तेही एक कारण असावं.

करायची पद्धत अशी. कापलेलं कातडं कोमट पाण्यात भिजवायचं. ते रिव्हॉल्व्हरच्या आकाराच्या निळ्या प्लॅस्टिकच्या साच्याभोवती गुंडाळून बोटांनी दाबत राहायचं, इतकं की गोळ्यांच्या चक्राचा फुगीरपणा आणि नळीची कड कातड्यावर उमटली पाहिजे. मग साचा आत ठेवूनच वाळू द्यायचं. वाळलं की आकार कायमचा. नंतर आरीने भोकं पाडून दोन सुयांनी शिवण घालायची. हे सगळं तो व्हिडिओ बघून शिकला. अवजारांची नावंही त्याला इंग्रजीतच येत.

हे त्याने वडिलांना सांगितलं नव्हतं. त्याचे आजोबा विदर्भातल्या एका गावात चामड्याचं काम करत. विहिरीतून पाणी उपसायच्या मोटा, बैलांचे पट्टे, गावाचे जोडे. सासरे शिकले, पोस्टात लागले, पोस्टमास्तर होऊन निवृत्त झाले. धम्मदीक्षेनंतर घरातून देव गेले तसं चामडंही गेलं. सासरे कापडी बूट आणि कापडी पट्टा वापरतात. हा नियम त्यांनी कोणाला समजावून सांगितला नाही. घरात तो सगळ्यांना माहीत होता.

"आणि त्यांना कळलं तर?" मी विचारलं होतं.

"बंद कर म्हणाले तर करीन," नवरा म्हणाला. तो हे सहज बोलला नव्हता.

सासरे आले. सासूबाई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच येत होते. त्यांनी घर पाहिलं, बॉयलर कसा चालतो ते विचारून घेतलं, गार्डनला चक्कर मारली.

"शेडमध्ये उदबत्ती काहून लावली?"

"दमट वास येतो, बाबा," नवरा म्हणाला.

सासऱ्यांनी नाकाने एकदा श्वास घेतला आणि ते पुढे गेले.

बिंग फुटलं ते एका गिऱ्हाइकामुळे. शहरातल्या बसवर चालक असलेला एक धिप्पाड माणूस नेलेल्या होल्स्टरच्या पट्ट्यांचं माप दुरुस्त करून घ्यायला येणार होता. नवऱ्याने त्याला तारीख पुढे ढकलल्याचा मेसेज पाठवला होता. त्याने तो वाचला नव्हता. बेल वाजली तेव्हा नवरा वरच्या खोलीत मीटिंगमध्ये होता आणि मी पोळ्या करत होते. दार सासऱ्यांनी उघडलं. मग त्यांची हाक आली.

"अगं सूनबाई, जरा ये. दारात एक माणूस कोट उघडून उभा आहे."

बसचालकाने कोट खरंच दोन्ही हातांनी उघडून धरला होता. आत शर्टावर तपकिरी पट्टे, काखेत रिकामं होल्स्टर. डावा पट्टा काचतो आहे, हे तो दाखवत होता. आपण कोणाला दाखवतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"सर, तुमच्या मुलाने केलंय हे," तो इंग्रजीत म्हणाला. "इतकं सुबक काम या देशात कोणी करत नाही. बघा, हात लावून बघा."

सासऱ्यांनी हात लावला नाही. "यू आर व्हेरी वेलकम. प्लीज सिट," असं पोस्टातल्या इंग्रजीत म्हणून त्यांनी त्याला खुर्ची दिली. नवरा धावत खाली आला. त्याने माप घेतलं, पट्टा एक भोक सैल केला. तेवढा वेळ बसचालक एकटाच आपल्या मार्गावरच्या रस्तेदुरुस्तीबद्दल बोलत होता.

तो गेल्यावर सासऱ्यांनी विचारलं, "चामडं आहे ना ते?"

"हो, बाबा."

"तू शिवलं?"

"हो."

"अन् बाकीचं कुठं आहे?"

नवऱ्याने शेजाऱ्यांच्या गॅरेजकडे बोट दाखवलं. सासऱ्यांनी तिकडे पाहिलं. "म्हणजे गोऱ्याच्या घरी लपवून ठेवलं माझ्यापासून," ते म्हणाले आणि वर गेले.

पुढचे दिवस घरात भांडण झालं नाही. सासरे वेळेवर जेवत, नदीकाठी फिरून येत, नातीला, म्हणजे आमच्या मुलीला, पाढे म्हणायला लावत. ती मराठी पाढे इंग्रजी हेलात म्हणे आणि ते हसून दुरुस्त करत. नवऱ्याशी ते हवामानाबद्दल बोलत. खोकी गॅरेजमध्येच होती. साउथहॅम्प्टनच्या एका हॉलमध्ये फॅन लोकांचा मेळावा होता, तिथे नवऱ्याने टेबल घेतलं होतं. त्याला जायचं की नाही हे तो ठरवत नव्हता. रात्री जेवणानंतर हात धुतल्यावर तो उगाच शेडचं कुलूप तपासून येई.

एका दुपारी मी भाजी चिरत असताना सासरे स्वयंपाकघरात येऊन बसले. विचारलं नव्हतं तरी बोलायला लागले.

"माझा बाप जेवायला बसला की पाटलाचा गडी यायचा. पट्टा तुटला, चल. बाप घास टाकून उठायचा. जेवून येतो म्हणायची सोय नव्हती. ताप असो, घरात मयत असो. सुगीला त्याचं धान्य मिळायचं, तेही त्यांच्या मनात येईल तेवढं. मला शाळेत घातलं तेव्हा म्हणाला, आरी हातात धरशील तर हात तोडीन."

"तुम्ही कधी धरली नाही?"

"एकदा. लहान होतो. त्याने खरंच मारलं." ते हसले. "अन् आता माझा पोरगा शौक म्हणून शिवते. कॉम्प्युटर सोडून."

"त्याला बंद कर म्हणणार आहात का?"

"म्हटलं तर ऐकेल तो."

"ऐकेल."

"तेच तर. ऐकेल म्हणून तर बोललो नाही अजून." त्यांनी चिरलेल्या गाजराचा तुकडा उचलून तोंडात टाकला. "कुठं विकते हा हे सगळं? मला बघायचं आहे."

संध्याकाळी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने खोक्यांसाठी जाऊन शेजाऱ्यांचं दार वाजवलं.

मेळाव्याच्या दिवशी मुलीला तिच्या मैत्रिणीकडे सोडून आम्ही तिघं गाडीने साउथहॅम्प्टनला गेलो. सासरे पुढे बसले होते, खोकी मागे माझ्या शेजारी. हॉलच्या दारात स्वयंसेवक प्रत्येकाचं नकली शस्त्र तपासून त्याला रंगीत पट्टी बांधत होते. आमच्याकडे शस्त्र नव्हतंच, फक्त निळा साचा होता. त्यालाही पट्टी बांधली. सासऱ्यांनी आपली छत्री तपासणीला पुढे केली. स्वयंसेवक मुलगी हसली आणि तिने छत्रीलाही पट्टी बांधून दिली.

आत लांब कोटातले, हॅटमधले, नकली मिशांचे लोक होते. नवऱ्याने टेबलावर पाकिटं मांडली आणि कोट टांगायच्या स्टँडवर होल्स्टर्स लटकवली. सासऱ्यांना टेबलामागे खुर्ची दिली. ते स्वेटर, मफलर आणि कोट घालून बसले आणि बघत राहिले.

बघण्यासारखं होतंच. लांब नळीचं रिव्हॉल्व्हर काखेत सरळ खाली लोंबतं. माणूस उभा असेल तोवर ते रुबाबदार दिसतं. बसला की नळीचं टोक कमरेत रुततं किंवा खुर्चीवर आपटतं. म्हणून नवरा प्रत्येकाला आधी बसवतो, उठवतो, वाकवतो आणि मगच पट्ट्याला भोक पाडतो. एका बाईंना त्याने तीनदा बसवलं. "मला वाटलं मी डॉक्टरकडे आलेय," त्या म्हणाल्या. सासऱ्यांना ते ऐकू गेलं आणि त्यांच्या ओठाची एक बाजू हलली.

दुपारी एक गृहस्थ आले. भारी कोट, भारी बूट. त्यांनी स्टँडवरचं एक होल्स्टर काढलं, उलटसुलट केलं आणि टेबलावर टाकलं. ठेवलं नाही, टाकलं.

"हे मला काळ्या रंगात हवंय. शुक्रवारपर्यंत."

"शुक्रवारी नाही होणार," नवरा म्हणाला. "भिजवून वाळवायलाच वेळ लागतो. दीड महिना धरा."

"मग हेच दे."

"हे एका गिऱ्हाइकाच्या मापाचं आहे. ते आज घेऊन जाणार आहेत."

"त्याला दुसरं करून दे." त्या गृहस्थांनी टेबलावर बोटांनी टकटक केलं. "मी जास्त देतोय. तुला काम नकोय का?"

मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खुर्चीत पुढे सरकले होते. दोन्ही हात छत्रीच्या मुठीवर होते.

नवऱ्याने होल्स्टर उचललं, त्याच्यावरची धूळ पुसली आणि परत स्टँडला लावलं.

"नाही," तो म्हणाला. "तुमचं काम नकोय मला."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमच्यासाठी मी करणार नाही. तिकडे त्या कोपऱ्यात तयार माल मिळतो. बरा असतो."

"हे दुकान आहे ना?"

"टेबल आहे. माझं आहे."

ते गृहस्थ आमच्या तिघांकडे आळीपाळीने बघत राहिले, काहीतरी पुटपुटले आणि कोपऱ्याकडे गेले. पुढच्या माणसाने बसायला खुर्ची ओढली.

सासरे उठून नवऱ्याजवळ आले. "काय म्हटलं तू त्याला?" त्यांना इंग्रजी कळलं नव्हतं असं नाही.

"नाही म्हटलं."

"अन् तो गेला?"

"गेला."

"आता काय होईल?"

"कशाचं?"

"त्याला नाही म्हटलं त्याचं."

नवऱ्याला प्रश्न समजायला जरा वेळ लागला. "काही नाही होणार, बाबा. तो दुसरीकडून घेईल. मी दुसऱ्याचं करीन. नाही तर घरी जाऊ."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

सासरे हसायला लागले. आधी खांदे हलले, मग आवाज आला, मग मफलरने डोळे पुसावे लागले. शेजारच्या टेबलावरची हॅट विकणारी बाई वळून बघायला लागली. "त्याचं तोंड पाहिलं का तू?" ते मला म्हणाले. "इतका मोठा बूट, अन् गेला बापा! चालता झाला!" थोड्या वेळाने पुन्हा: "तुमचं काम नकोय मला. असंच म्हणाला ना हा? तोंडावर?"

"तोंडावर," मी म्हणाले.

मग त्यांनी हॉलच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिघांसाठी चहा आणला. येताना सगळ्या टेबलांवर थांबून, भाव विचारून आले. उरलेला दिवस ते खुर्चीत मागे टेकून बसले होते. कोणी गिऱ्हाईक घाई करायला लागलं की नवऱ्याकडे बघायचे, हा काय म्हणतो म्हणून. नवऱ्याने नंतर कोणालाच नाही म्हटलं नाही. सासऱ्यांची किंचित निराशा झाली असावी.

परतताना गाडीत ते झोपले. घरी आल्यावर नवऱ्याने खोकी गाडीतून थेट शेडमध्ये नेली. सासरे दारात उभे राहून बघत होते, आत गेले नाहीत. दिव्याखाली कातड्याच्या गुंडाळ्या पुन्हा फळीवर लागल्या, आरी आणि सुया जागेवर गेल्या.

"तर मग, बाबा?" नवऱ्याने विचारलं. त्याची पाठ आमच्याकडे होती.

"तर मग काय?"

"चालू ठेवू?"

"मला विचारून चालू केलं होतं का?"

नवरा वळला. सासऱ्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "कर," ते म्हणाले. "उद्या मन उठलं तर सोड. कोणासाठी करू नको अन् कोणासाठी सोडू बी नको. मी म्हटलं म्हणून तर बिलकुल नाही."

नवऱ्याला हे इतकं बरं वाटलं की त्याने मापाची फीत गळ्यात टाकली आणि तो वडिलांकडे आला. "बाबा, तुम्हाला एक पट्टा शिवतो. मस्त, रुंद."

"नको."

"मग चष्म्याचं घर?"

"नको म्हटलं ना. मी चामडं वापरत नाही, तुला ठाऊक आहे."

"मऊ करून देतो, बाबा. हाताला लागणार पण नाही."

"अरे, नाही म्हणजे नाही!" सासरे म्हणाले. ते पुन्हा हसत होते. "तुलाच म्हणता येते का फक्त?"

नवऱ्याने फीत गुंडाळून खिशात ठेवली. "बरं," तो म्हणाला आणि दुसऱ्या दिवसासाठी कातडं काढायला वळला.