असली पुष्कराज

बाबांच्या उजव्या तर्जनीत पुष्कराज आला तो आईमुळे. नारायणगुड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ज्योतिषी बसायचे. गुरू बिघडलाय, पिवळा खडा घाला, राग उतरेल, असं त्यांनी सांगितलं. आईनं स्वतः जाऊन खडा निवडला, अंगठी करून घेतली आणि गुरुवारी दुधात बुडवून बाबांच्या बोटात घातली. आधी बाबांच्या मारानं आईच्या अंगावर नुसते वळ उठायचे, आता त्या खड्यानं कातडी फाटायला लागली. त्या खड्याकडे बघितलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

मला नोकरी लागली तशी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, कुकटपल्लीला खोली घेतली आणि आईला म्हटलं, माझ्याकडे राहायला चल. ती म्हणायची, "नक्को गं. खडा लागू पडायला वेळ लागतो. जरा ठहर." हे म्हणताना तिचा ओठ सुजलेला असायचा. समजावून समजावून मी थकले होते.

त्या रविवारी मी घरी आले होते. आई न विचारता मलकपेठला मावशीकडे जाऊन आली, एवढंच निमित्त. बाबा स्वयंपाकघरात शिरले, तिचे केस धरले आणि तिचं डोकं कपाटावर आपटलं. मी मधे पडले, तर कोपराच्या एका फटक्यानं त्यांनी मला भांड्यांच्या मांडणीवर फेकलं. पातेली माझ्या अंगावर कोसळली. त्यांनी पुन्हा हात उगारला. आई वाकली आणि तो हात सगळ्या जोरानिशी ग्रॅनाइटच्या ओट्याच्या कडेवर बसला.

अर्धा खडा फरशीवर उडाला, अर्धा कोंदणात राहिला. सुरीनं कापावा तसा सरळ दुभंगला होता.

आईच्या भुवईतून रक्त गळत होतं. बाबा बोटाकडे बघत होते.

"नकली निघाला," ते म्हणाले. "असली असता तर फुटला असता का? तुला फसवलं त्या दुकानदारानं. म्हणून तर काही फरक पडला नाही. उद्या दुसरा आणू."

आईला हे पटलं असतं. नवा खडा, नवा गुरुवार, आणि पुन्हा तिचं वाट बघणं. मी कॉलेजात शिकले होते: पुष्कराज, म्हणजे टोपाझ, कठीण असतो, त्यावर सहज ओरखडा पडत नाही. पण त्याच्या आत एक सरळ, कमकुवत प्रतल असतं, त्याच्यावर नेमका घाव बसला की तो एका फटक्यात फुटतो.

"असली पण फुटतो," मी म्हटलं.

"तू गप बैस."

आईनं पदरानं डोळ्यावरचं रक्त टिपलं आणि फरशीवरचा तुकडा उचलला. खडा घेताना दुकानदारानं तो काचेवर ओढून दाखवला होता. असली असेल तर काचेवर रेघ उठते, हे तिच्या लक्षात होतं. ती बाहेरच्या खोलीत गेली. बाबा रोज भांग पाडायचे त्या आरशावर तिनं तुकडा दाबला आणि वरून खालपर्यंत ओढला. कर्र आवाज झाला. तिनं रेघ बोटानं पुसून पाहिली, मग नखानं चाचपली. रेघ गेली नाही.

"असलीच होता," ती मला म्हणाली.

तुकडा तिनं आरशाखालच्या फळीवर ठेवला. पदर भुवईवर दाबून धरत दुसऱ्या हातानं चपला पायात ओढल्या.

"चल. कुकटपल्लीची बस कुठून मिळते?"