साहेबांचा काळा बॅज

साहेबांचा बॅज काळाकुट्ट निघाला, आणि तोही सिनेमाच्या दुसऱ्याच दिवशी.

बॅज म्हणजे छातीला लावायची डबी. आत फोटोच्या फिल्मचा तुकडा. किरणोत्सर्ग लागला की तो काळा पडतो. साठच्या दशकात बंगलोरच्या आमच्या लॅबमध्ये दर महिन्याला त्या फिल्म धुऊन वाचायचं काम माझं. इतकी काळी फिल्म म्हणजे साहेबांना लॅबबंदी, आणि दोन वर्षं चाललेला प्रयोग बंद.

सिनेमा रशियन होता. अणुशास्त्रज्ञ प्रयोगापायी जीव धोक्यात घालतो. फिल्म सोसायटीनं रविवारी दाखवला. आमचे देशपांडे साहेब, मूळ धारवाडचे, रुमाल भिजवून बाहेर आले. नंतर कॉफी पिताना मला तीनदा ऐकवलं, "शास्त्रज्ञानं खरं सांगावं बघ, जीव गेला तरी."

सोमवारी फिल्म दाखवताना मी आधी खुर्ची पुढे केली. ते उभेच राहिले.

"विज्ञान किंमत मागतंच की रे, कुलकर्णी."

"साहेब, आधी रक्त तपासू."

"तपास. तुझ्या वैनींना मात्र सांगू नको." मग खिशातलं शाईचं पेन काढून माझ्या हातात दिलं. "हे तुला. आठवण."

मी ते खिशाला लावलं. माणूस तापट, पण माझा फार जीव त्यांच्यावर.

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला. साहेबांना तो फारसा आवडला नाही.

मी फिल्म पुन्हा भिंगाखाली धरली. बॅजमध्ये धातूच्या पट्ट्या असतात, त्यांची सावली फिल्मवर उमटते. माणूस हलत असतो, म्हणून सावलीच्या कडा पुसट येतात. या कडा अगदी रेखीव होत्या. म्हणजे बॅज महिनाभर एकाच जागी होता. आणि आमचे साहेब एका जागी पाच मिनिटं बसत नसत.

किरणोत्सर्गी पदार्थ ठेवायच्या खोलीत गेलो. कपाटाला लागूनच भिंतीत खिळा. खिळ्यावर साहेबांचा पांढरा कोट, त्यावर या महिन्याचा नवा बॅज.

"साहेब, कोट कायम इथंच असतो?"

"उकडतं रे त्यात. पाहुणे आले की घालतो की."

"मग किरण कोटाला लागले. तुम्हाला नाही."

"म्हणजे मला काहीच झालेलं नाही?"

इतक्या दुःखानं हा प्रश्न विचारणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. मला मात्र हसू आवरेना. जीव भांड्यात पडला होता.

"बॅजच्या रिपोर्टात स्वल्प सांभाळून घे," साहेब हळूच म्हणाले. "कारण अज्ञात, असं लिही."

"मग बंदी येईल. प्रयोग जाईल."

"बंदी चालेल. वरच्या ऑफिसात हसतील, ते नको."

"खरं सांगावं, जीव गेला तरी. तुम्हीच म्हणालात."

"जीव गेला तरी म्हटलं होतं रे. अब्रू गेली तरी कुठं म्हटलं?"

मी खिळा आणि कोट दोन्ही लिहिले आणि कागद पुढे केला. साहेबांनी तो दोनदा वाचला. मग सहीसाठी हात पसरला. मी तेच पेन दिलं.

प्रयोग वाचला. खिळा मी त्याच दुपारी उपटला. पुढं नोकरीभर प्रत्येक नवीन माणसाला सांगत आलो, की बॅज माणसानं लावायचा असतो, कोटानं नाही.

पेनाचं म्हणाल, तर सही झाल्यावर साहेबांनी टोपण घट्ट बसवलं आणि ते आपल्याच खिशाला लावलं.