झोपून घेतलेलं माप

मास्टरांसारखा घोरणारा माणूस त्या गल्लीत दुसरा नव्हता. कुणी तसं तोंडावर सांगितलंच तर मास्टर फटकन म्हणायचे, आम्ही राबतो म्हणून घोरतो, ऐतखाऊ लोक गुपचूप झोपतात. या एका उत्तरावर त्यांनी बरीच वर्षं भागवली. कपडे शिवायच्या कारखान्यात ते कटिंग मास्टर होते. लांबलचक टेबलावर कापडाचे थर अंथरायचे, खडूने आखायचं आणि विजेच्या कात्रीने एका दमात कापून काढायचं. शिवणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, कापणारे मास्टर एकटेच. शिवण चुकली तर उसवता येते, कापड चुकलं की ते चिंधीच्या पोत्यातच जातं. तेव्हा मास्टरांचा तोरा काय असेल ते विचारूच नका.

घोरणं घरापुरतं होतं तोवर ठीक चाललं होतं. पण मास्टर दिवसाही पेंगायला लागले. आधी जेवणानंतर, मग चहानंतर, मग कशानंतरही. आणि एक दिवस उभ्या उभ्या, हातात चालू कात्री असताना त्यांचा डोळा लागला. कात्री शर्टांच्या थरातून वाट फुटेल तिकडे गेली आणि डाव्या हाताच्या बोटांपाशी पोचली, तेवढ्यात काजवालीने धावत जाऊन प्लग उपटला. काजवाली म्हणजे काज-बटणांच्या मशिनवर बसणारी बाई. तोंडाने फटकळ, मास्टरांची खोडी काढल्याशिवाय तिला जेवण जात नसे. त्या दिवशी मात्र ती एक अक्षर बोलली नाही आणि त्यामुळेच सगळ्यांची पाचावर धारण बसली.

मालकीणबाईंनी कात्री उचलली आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. मग त्यांनी मास्टरांच्या बायकोला बोलावून घेतलं आणि खरंखोटं विचारलं. त्या माउलीने सगळं सांगून टाकलं. हे घोरतात ते परवडलं, पण मध्येच घोरणं थांबतं, श्वासही थांबतो. मग मी कोपराने ढोसते, की पुन्हा सुरू. माझं रात्रभर हेच काम. मालकीणबाई मास्टरांना एवढंच म्हणाल्या, "मास्टर, मी बरा झालो हे तुम्ही सांगून चालायचं नाही. वहिनी इथे येऊन सांगतील, तेव्हा कपाट उघडेन."

तोवर मास्टरांनी बायकांच्यात बसून शिवलेल्या कपड्यांचे लोंबते धागे कापायचे. आयुष्यभर ज्यांनी कापड कापलं त्यांनी धागे कापायचे. मास्टर खाली मान घालून कापत होते आणि आतल्या आत जळत होते. कात्री गेली म्हणजे आपण संपलो, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

डॉक्टरांनी तपासणी केली आणि सांगितलं, हा स्लीप ॲप्निया. झोपेत घसा मिटतो, श्वास अडकतो, शरीर दचकून जागं होतं, की पुन्हा तेच. उपाय म्हणून एक छोटं मशीन मिळालं. त्याच्या नळीतून हवा येते, नळीच्या टोकाला मास्क, तो नाकावर बसवून झोपायचं. हवेच्या दाबाने घसा उघडा राहतो. दवाखान्यातल्या मुलीने सगळं नीट समजावलं. घरी अंथरुणावर आडवे व्हा, मशीन सुरू करा आणि मगच पट्टे बसवा, असंही ती म्हणाली होती. मास्टरांनी मान डोलावली खरी, पण त्यांचं सगळं लक्ष पट्ट्याच्या शिवणीवर होतं. किती कच्ची शिवण घातलीय मेल्यांनी, असं त्यांच्या मनात चाललं होतं.

आणि इथंच घोडं पेंड खायला लागलं. मास्टर घरी आले, आरशासमोर स्टुलावर ताठ बसले आणि गिऱ्हाइकाची कॉलर बसवावी तसा मास्क चेहऱ्यावर बसवला. झकास बसला. मशीन सुरू करून पाठ टेकली मात्र, कडेने फुस्स. हवा सरळ डोळ्यात. त्यांनी डावा पट्टा ओढला तर हवा उजवीकडून सुटली. उजवा ओढला तर नाकावरून शिट्टी वाजायला लागली. सकाळी डोळे लाल, घसा कोरडा आणि मास्क पलंगाखाली पडलेला. बायको म्हणाली, आधी एकच आवाज होता, आता दोन झाले.

ढगळ झालं की आत घ्यायचं, हे मास्टरांच्या हाडीमाशी खिळलेलं. त्यांनी घरच्या शिलाई मशिनवर मास्कचे पट्टे घेतले, दोन्हीकडून आत मुडपले आणि वरून दुहेरी टीप मारून टाकली. आता सुटतंय कसं ते बघतोच, म्हणाले. असली चूक शिंप्यानेच करावी. मास्कच्या कडेची मऊ रबरी गादी पार चेपली, तिला सुरकुत्या पडल्या आणि जिथे सुरकुती तिथे हवेला वाट. गळती वाढली ती वाढलीच, वर नाकाचं हाड सोलून निघालं आणि गालांवर वळ उठले. काजवालीने ते वळ बघितले आणि आता तिला राहवेना. मास्टरांच्या गालाला चुण्या कुणी घातल्या, म्हणाली. सगळ्या जणी फिदीफिदी हसल्या, मास्टरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

दवाखान्यातल्या मुलीने मशीनमध्ये साठलेली रात्रीची नोंद आणि गालांवरचे वळ पाहिले आणि पट्टे जरा सैल करा म्हणून सांगितलं. टीप मारल्याचं मास्टरांनी तिला कळूच दिलं नाही. घरी येऊन बायकोवर मात्र डाफरले. गळतंय म्हणून गेलो तर म्हणे सैल करा, हिला काय कळतं, उद्या जाऊन मशीन तिच्या टेबलावर ठेवून येतो. बायको भाजी निवडत होती. ती कधी उलटून बोलणारी नव्हे.

"द्या परत," ती म्हणाली. "पण अहो, तुमचा श्वास थांबला आणि त्या वेळी नेमका माझा डोळा लागला असेल, तर काय करायचं ते मला सांगून ठेवा."

मास्टर बाहेर जाऊन पायरीवर बसले. आपण मरू शकतो हे त्यांना डॉक्टरांकडे कळलं होतं. पण त्या भीतीने ही बाई इतकी वर्षं रात्र रात्र जागी राहिलीय, हे त्यांच्या डोक्यात आत्ता शिरलं. त्यांना स्वतःची लाज वाटली. मशीन काही त्यांनी परत केलं नाही, पण पुढे काय करावं तेही सुचेना.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात एक वकील आले. चाकांच्या खुर्चीत बसून वावरणारे, अगदी दिलखुलास गृहस्थ. कोर्टात घालायला पॅन्ट हवी होती. तयार पॅन्ट मागून घसरते, पुढे पोटाशी गोळा होते, खाली घोट्याच्या वर चढते, आणि माझी उलटतपासणी चालू असताना माझंच ध्यान त्या पॅन्टीकडे, असं त्यांनी सांगितलं. असलं माप मास्टरांशिवाय कुणाला जमणार? मालकीणबाईंनी त्यांना हाक मारली. मास्टर टेप घेऊन गुडघ्यावर बसले, खुर्चीतल्या खुर्चीत मापं घ्यायला लागले आणि काजवाली आकडे लिहून घ्यायला लागली. वकिलांना उभं धरून माप घेतलं तर सोपं नाही का पडणार, असं तिने मध्येच विचारलं. मास्टर खेकसले.

"उभं माप यांच्या काय कामाचं? साहेब दिवस काढतात बसून. माणूस ज्या स्थितीत कपडा वापरणार, त्याच स्थितीत..."

आणि ते थांबले. टेप हातात तशीच राहिली. काजवालीला वाटलं, यांना पुन्हा डुलकी लागली, तिने वही टाकून त्यांचा दंड धरला.

"झोपलो नाही गं," मास्टर म्हणाले. "अक्कल गहाण टाकली होती, ती आठवली."

वकिलांची मापं त्यांनी नीट पुरी केली आणि जेवणाच्या सुट्टीत तडक घर गाठलं. भर दुपारी हे कसे उगवले म्हणून बायको घाबरली. मास्टरांनी ब्लेड घेतलं, पट्ट्यांची टीप धागा धागा करून उसवली आणि सरळ पलंगावर आडवे झाले. मग स्वतःच्या चेहऱ्याला हात लावून बघितलं. बसल्यावर हनुवटीकडे उतरलेले गाल झोपल्यावर कानांकडे सरकले होते. कुशीवर वळलं की आणखी निराळेच. हे गिऱ्हाईक आपण कधी मापलंच नव्हतं, म्हणाले. बायकोला मशीन सुरू करायला लावलं. मास्क नाकावर अलगद टेकवला, रबरी गादीत हवा भरू दिली आणि पट्टे नुसते टेकतील इतकेच ओढले. बायको ओलं बोट कडेने फिरवत होती. नाकाच्या कोपऱ्यात गार लागलं तिथे तिने सांगितलं, त्यांनी मास्क किंचित उचलून परत टेकवला. मग काहीच ऐकू येईना. मशीन बंद पडलं की काय म्हणून ती वाकून बघायला लागली. मास्टरांनी हातानेच चालू आहे म्हणून सांगितलं.

लगेच सगळं सुरळीत झालं असं मुळीच नाही. कूस बदलली की नळी ओढली जायची आणि पुन्हा फुस्स. रात्री तोंडाला मलम चोपडायची सवय होती, त्याने गादी घसरायची. ती सवय बायकोने मोडली आणि निजण्याआधी तोंड धुवायला लावलं. दवाखान्यातल्या मुलीने पट्ट्यावरची सुईची भोकं पाहून हे काय म्हणून विचारलं. मास्टरांनी आपण घातलेला गोंधळ स्वतःहून सांगितला. ती पोट धरून हसली आणि नवे पट्टे दिले. नोंद आता चांगली येत होती. मास्टरांचा डोळा दिवसा लागत नव्हता, जेवणानंतरसुद्धा नाही. धागे कापता कापता ते काजवालीशी भांडायला लागले, तेव्हा बायकांनी ओळखलं की गाडी रुळावर येतेय.

शेवटी मालकीणबाईंनी निरोप धाडला, उद्या सकाळी वहिनींना घेऊन या. बायकोने नेसायचं पातळ काढून ठेवलं. काय बोलायचं ते मास्टरांनी तिला पढवायला घेतलं, तर ती म्हणाली, जे आहे तेच सांगेन.

सकाळी मास्टर उठले तेव्हा उन्हं खिडकीतून आत आली होती. शेजारी बायको झोपली होती. तोंड जरासं उघडं, एक हात पलंगाबाहेर लोंबलेला, गाढ. मास्टर बघत राहिले. लग्न झाल्यापासून त्यांनी तिला झोपलेली पाहिलीच नव्हती. ते झोपायचे तेव्हा ती जागी असायची आणि उठायचे तेव्हा ती कधीच कामाला लागलेली असायची. त्यांनी चहा केला, हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. कारखान्याची वेळ टळत चालली होती. आज ती आली नाही तर कपाट उघडणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी चहावर झाकण ठेवलं, चपला हातात घेऊन ते दाराबाहेर आले आणि तिथे पायात घातल्या.

कारखान्यात मालकीणबाई वाटच बघत होत्या. मास्टरांना एकटे पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. मशिनी थांबल्या. वहिनी कुठे आहेत, त्यांनी विचारलं.

"झोपलीय," मास्टर म्हणाले. "उठवलं नाही मी, बाई. मला तिला उठवावंसं वाटेना."

मालकीणबाईंनी पदराला बांधलेली किल्ली सोडली आणि कपाट उघडलं.