तिखट न घातलेला डबा

भूकंपाच्या पहाटे माझी बायको शांता आणि आमची मुलगी गेल्या. शांता बाळंतपणासाठी माहेरी, औशाकडच्या गावी होती. मी मुखेडला होतो. मुलीचं बारसं व्हायचं होतं.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणीही म्हणेल, एकट्या माणसाला भास होतात. मला कधी झाले नाहीत. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. मासिकांतल्या गूढ सदरांतले असले अनुभव वाचायचो, पण प्रत्येकाचं साधं कारण शोधायची सवय होती आणि बहुतेक वेळा ते सापडायचंही. शांताच्या गावावरून नंतर कितीदा तरी बसने गेलो. काही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही... मी वाट बघणंही सोडून दिलं होतं.

बऱ्याच वर्षांनंतरची गोष्ट. शेजारचा इरफान माझ्या वाचनालयात बसून शिकलेला मुलगा. नांदेडला एका कोचिंग क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवायचा. त्याला मुलगी झाली, झोया. तिच्या हृदयाला छिद्र निघालं. नांदेडच्या दवाखान्यात ठेवली. ऑपरेशन हैदराबादला होणार होतं, पण वजन वाढल्याशिवाय तिकडचे डॉक्टर हात लावायला तयार नव्हते. ओढून प्यायची ताकद तिच्यात नव्हती. रेहानानं, म्हणजे तिच्या आईनं, दूध काढून द्यायचं आणि नर्सनं ते नळीनं पाजायचं, असं चाललेलं. आणि रेहानाचं दूध आटत चाललं होतं.

दोघांच्याही घरी रांधून घालणारं कुणी उरलं नव्हतं. मी म्हटलं, डबा मी पाठवतो.

आमच्याकडे एसटीनं डबे जातात. लातूर-नांदेडला क्लासला मुलं ठेवली की गावाकडचे आईबाप सकाळच्या गाडीला डबा देतात. ड्रायव्हरच्या केबिनमध्ये नावं लिहिलेल्या पिशव्यांची रांग लागते आणि मुलं स्टँडवर येऊन आपापली पिशवी उचलतात. संध्याकाळच्या गाडीनं रिकामे डबे परत. त्या रांगेत माझीही पिशवी जाऊ लागली.

मारोती ड्रायव्हरनं पहिल्याच दिवशी विचारलं, "काय सर, या वयात कुणाला क्लास लावला? मेडिकल का इंजिनिअरिंग?"

"मेडिकल," मी म्हटलं. "लई लहान आहे अजून."

त्याला खरं सांगितलं तेव्हा तो पिशवी स्वतःच्या सीटमागे ठेवू लागला.

रोज भाजी, भाकरी, वरण. डबा रोज चाटूनपुसून रिकामा परत यायचा. मला बरं वाटायचं. रेहानाचं दूध मात्र वाढत नव्हतं, झोयाचं वजन तिथंच.

मग एक दिवस मला ताप भरला. सकाळी उठवेना. दाराला आतून कडी, आदल्या रात्री घासलेला डबा ओट्यावर पालथा, एवढं पडल्यापडल्या आठवत होतं. गाडी गेली असणार हेही कळत होतं. दुपार कशी गेली कळलं नाही. संध्याकाळी अंगात थोडं बळ आलं तसा इरफानला फोन लावला... माफी मागायला.

मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सर, आज रेहाना पोटभर जेवली!"

"काय जेवली?"

"म्हणजे? तुमचाच डबा. डब्याच्या कडीला तुमचा नेहमीचा दोरा बांधलेला. सर, आता सांगतो, राग मानू नका. तिचं तोंड आलंय कधीचं. तुमची भाजी लई तिखट असते. तिला घासही जात नव्हता. तुमचा डबा मीच संपवायचो."

"अरे, मग सांगायचं की!"

"कसं सांगणार? तुम्ही या वयात गॅसपुढं उभं राहून करून राहिलात... आम्ही काय नावं ठेवायची?"

फोन रेहानानं घेतला. "सर, आज कुणाकडून करवून घेतलात? सच्ची सांगा. शेपूची भाजी, मुगाची डाळ घालून. अळिवाची खीर. भाकरीची चौघडी घातलेली, आणि मधल्या घडीत गुळाचा खडा. माझी अम्मी पण एवढं नाही करत होती."

मी फोन ठेवला. लग्नानंतर मी नोकरीवर जाताना शांता डबा द्यायची, तेव्हा भाकरीच्या मधल्या घडीत गुळाचा खडा असायचा. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काय होतं त्यात?

ओट्यावर बघितलं. डबा नव्हता. दाराची कडी सकाळभर आतून लागलेलीच होती; ती मीच दुपारून, भिंतीला धरत जाऊन काढली होती.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर गेलो. मारोती पान लावत होता. मला बघून हसला.

"सर, तुम्ही तर एकटे हाव म्हणत होते! काल बाईनं आणून दिला की डबा."

"कोण बाई?"

"आता मला काय म्हाईत? तुमच्याच घरची असंल. म्हणाली, सरांचा डबा हाय, तिखट घातलं न्हाई म्हणून सांगा. कडेवर लेकरू होतं, म्हणून मीच पुढं होऊन घेतला."

"लेकरू?"

"हाव. गुटगुटीत. माझ्या शर्टाचं बटण सोडंना."

मी तिथल्या बाकावर बसलो. त्यानं मला चहा पाजला.

कारणं मीही शोधली. तापात मीच रांधलं म्हणावं, तर घरात शेपू नव्हता, आणि अळिवाची खीर मला आजही जमत नाही. गल्लीतल्या प्रत्येक घरी विचारलं. कुणी डबा दिलेला नव्हता. आणि रेहानाचं तोंड आलंय हे तर मुखेडात कुणालाच ठाऊक नव्हतं... मलासुद्धा नाही.

त्या दिवसापासून मी बिनतिखटाचं करू लागलो. शेपू शिकलो. रेहानाला जेवण जाऊ लागलं, दूध उतरलं, झोयाच्या अंगावर मांस चढलं. ऑपरेशन झालं. आता ती शाळेत जाते, आणि मिरचीच्या ठेच्याशिवाय जेवत नाही. इरफान म्हणतो, "सर, हिला तुमचा जुना डबा चालला असता."

ऑपरेशननंतर झोयाला घेऊन रेहाना परतली तेव्हा तिला मी एवढंच सांगितलं की डबा शांतानं पाठवला होता. तिनं डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि झोयाला माझ्या मांडीवर दिलं.

याचा उलगडा मला झालेला नाही, होईल असंही वाटत नाही. भूकंपात त्या दोघी वेगवेगळ्या खोल्यांत सापडल्या होत्या. मुलगी बाजेवर, शांता दाराशी. तिला लेकीपर्यंत पोचता आलं नव्हतं. त्यानंतर कितीतरी वर्षं मी दिवा लावून झोपायचो.

आता मालवून झोपतो.