मान वळवणारा उमराव

ती घटना आठवली की आजही माझी उजवी मिशी आपोआप ताठ होते. पोलिसाच्या नोकरीत माझं खाकरणं ऐकूनच दरोडेखोर जबाब लिहून द्यायचे. पण ही केस निवृत्तीनंतरची, लेकीकडे जर्मनीत गेर्लिंगेनला राहायला गेलो तेव्हाची. आणि संशयित कागदावर छापलेला.

खबर लेकीनेच आणली. वरच्या मजल्यावर एक मराठी इंजिनिअर राहतो. त्याच्या आई म्हणतात, भिंतीवरच्या उमरावाने मान वळवली. मुलगा त्यांना हाइममध्ये, म्हणजे वृद्धाश्रमात ठेवायच्या विचारात. सोमवारी डॉक्टर.

रविवारी दुपारी मी घटनास्थळी पोचलो. तिथे रविवारी इमारत इतकी गप्प असते की फ्रिजचा श्वास ऐकू येतो. स्वयंपाकघराच्या दारापाशी तो टांगलेला, बिनकाचेचा. तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने कोरून छापलेला जुना सरदार. जवळ गेलं की नुसत्या रेघांची जाळी; मागे सरकलं की तो बघतोय.

"आधी खिडकीकडे बघायचा," आजी म्हणाल्या. "आता माझ्या ताटात बघतो."

"आई, पुरे. काका, चित्र कधी वळतं का?" मुलगा म्हणाला.

मी भिंग मागितलं. तलवार त्याच्या उजव्या कमरेला! उजव्या हाताने उपसायची तलवार डावीकडे लटकते, हे कोणत्याही शिपायाला कळतं. पत्र्यावर उलटं कोरावं, तेव्हा कागदावर सुलटं उतरतं. छापलेलं चित्र समोर ठेवून कोणी जसंच्या तसं कोरलं, की नकलेत उमराव भलतीकडे बघतो. म्हणजे चित्र बदललेलं होतं.

मी आजींच्या सुनेकडे फक्त चहा मागितला. चहाआधी कबुलीजबाब आला.

"फोडणी उडाली, काका. साबणाने पुसलं तर हळदीचा डाग लालभडक झाला. तोंड रक्ताळल्यासारखं. ह्यांच्या धाकाने त्याच दुकानातून दुसरं आणलं. सारखंच वाटलं हो मला."

"आणि सासूबाईंना वेडं ठरवत होते तेव्हा?"

मुलाने मोबाइल काढून सोमवारची अपॉइंटमेंट रद्द केली, आणि आईशेजारी जाऊन बसला.

साक्षीदार म्हातारा असला की जबाब ऐकण्याआधीच आपण निकाल लावतो, हे मला या केसने शिकवलं. म्हणून निघताना आजींचा पुरवणी जबाबही नीट ऐकून घेतला.

"फोडणी शनिवारी उडाली," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. "तो वळला आदल्या दिवशी, शुक्रवारी."

दारापर्यंत मी त्याच्याकडे पाठ केली नाही.