झालंय आमचं

आमच्या घरात सहलीला कुणी सहल म्हणत नव्हतं. 'पावण्याकडं जायचंय' म्हणायचे. पावणा म्हणजे येरमाळ्याच्या पलीकडच्या डोंगरातला एक धबधबा. जायचा दिवस ठरलेला, येळवशीचा.

बाहेरच्या माणसाला येळवस सांगावी लागते. मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी आमच्या भागात गावात कुणी राहत नाही, सगळे आपापल्या रानात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, शेंगा-पालेभाज्यांच्या पातळ भज्जीचा, बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांचा निवद दाखवायचा, 'ओलगे ओलगे' ओरडत ताकातली आंबील पिकावर शिंपडत रानाला फेरी मारायची. मग दिवसभर जेवायचं. आणि बांधावरून जो कुणी जाईल त्याला हाक मारून बसवायचं, ओळखीचा असो नसो. हाक मारायचा मान घरातल्या मोठ्या माणसाचा.

आम्हाला रान नव्हतं. आण्णांचं, म्हणजे माझ्या वडलांचं, हायवेला पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवून बघायला पाण्याचं टोपलं. येळवशीला हायवेसुद्धा ओस पडायचा, म्हणून दुकान बंद. बिनरानाचा माणूस त्या दिवशी उपाशी राहतो असं समजू नका. उलट खाऊन खाऊन जीव जायची पाळी. ज्याच्या ज्याच्या ट्रॅक्टरचं चाक आण्णांनी काढलं असेल तो तो बोलावून जायचा. मला कळायच्या आधी ते जायचेही. आई सांगते, एका येळवशीला ते चार रानांत जेवून आले, बाजेवर बसले आणि म्हणाले, "सगळ्यानी बोलावलं. आपुन कुणाला बोलवायचं?"

डोंगरातला धबधबा कुणाच्याच रानात येत नव्हता. पुढच्या येळवशीला आम्ही टोपलं भरून धबधब्याला गेलो. त्यानंतर दर वर्षी.

दिवस उजाडता उजाडता निघायचं. आईच्या डोक्यावर टोपलं, आण्णांच्या हातात आंबिलीचं मडकं, बारक्या भावाचं बोट माझ्या हातात. थंडी अशी की नाकाचा शेंडा आपला वाटत नसे. वाट सगळी दुसऱ्यांच्या बांधांवरून, ज्वारीच्या मधून. लोक कोपी उभ्या करत असायचे. दोन्ही बाजूंनी हाका सुरू.

"ओ पंक्चरवाले, कुठं चाललाव? या जेवायला."

आण्णा न थांबता म्हणायचे, "झालंय आमचं. पुढं पावणे वाट बघत्यात."

डोंगराच्या पायथ्याशी शेवटचं रान एका उंच, काटक म्हाताऱ्याचं. सगळे त्यांना काका म्हणायचे, आम्हीही. ते नुसती हाक मारून सोडायचे नाहीत, बांधावर येऊन वाट अडवायचे.

"या, बसा."

"झालंय आमचं, काका."

"सकाळच्या पारी झालंय? मग टोपल्यात काय हाय, टायरं हैत व्हय?"

आई पदरात हसायची. आण्णा हसायचे नाहीत. मडकं या हातातून त्या हातात घ्यायचे आणि बांधाच्या कडेकडेनं पुढं निघायचे.

धबधबा आम्ही पावसाळ्यात कधी बघितला नाही. पावसाळ्यात रस्त्याला खड्डे पडतात, आणि खड्डे पडले की आमच्या दुकानाला फुरसत नसे. त्यामुळं मला ठाऊक आहे तो हिवाळ्यातला. काळा कडा, त्यावर सुकलेल्या शेवाळाचे पट्टे आणि मधून सायकलच्या ट्यूबएवढी एक धार. खाली डोह, त्यात वरचं आभाळ. आवाजसुद्धा मोठा नाही, कुणीतरी नळ नीट बंद केला नाही असा. एकदा भाऊ म्हणाला, "आण्णा, ह्याला धबधबा म्हणत्यात?"

"पावसाळ्यात काय, कुणीबी पडतंय," आण्णा म्हणाले. "थंडीत पडतंय त्याला म्हणायचं."

डोहाच्या काठचे पाच दगड ते निवडायचे. तळहातावर ठेवून बघायचे, डुगडुगला तर परत पाण्यात. पाच मांडले की आई निवद दाखवायची. आम्ही 'ओलगे ओलगे' ओरडत डोहाला फेरी मारायचो, आण्णा लिंबाच्या डहाळीनं आंबील शिंपडायचे, पाण्यावर, दगडांवर, जणू ते पीक होतं. मग जेवण. जेवताना आण्णा वाटेकडं तोंड करून बसायचे. कुणी आलं तर दिसावं म्हणून. कोण येणार? सगळे आपल्या रानात. वानरं यायची.

"आलं बघा तुमचं पावणं," आई म्हणायची.

"येऊ दे की." आण्णा उंडा मोडून लांब दगडावर ठेवायचे. "या, बसा."

आमच्या घराचा सगळा प्रवास एवढाच. जाऊन दुपार कलता परत.

नववीत माझी शाळा सुटली. सोडली असं म्हणवत नाही, ती सुटली, हातातून पाना सुटतो तशी. दुकानात कॉम्प्रेसरशी होतोच, तिथंच एका ट्रकवाल्यानं माझा हात बघितला आणि झारखंडात, कोळशाच्या खाणीवर टायरच्या कामाला लावून दिलं. त्या माणसाचे उपकार मी अजून मानतो. तिथल्या डंपरचं टायर माझ्या डोक्याच्या वर जातं. हवा भरताना ते लोखंडी पिंजऱ्यात असतं आणि आपण बाजूला उभं राहायचं असतं, समोर कधीच नाही, हे मला पहिल्या दिवशी सांगितलं. तेव्हापासून मी सगळ्याच गोष्टींच्या बाजूला उभा राहतो. कुलूप लावलं की परत ओढून बघतो.

गेल्या पावसाळ्यात भावाचा फोन आला, आण्णांना अर्धांगाचा झटका आला म्हणून. मी चाकाचे नट आवळत होतो. फोन खिशात ठेवला आणि राहिलेले नट आवळले, सगळे, क्रमानं. मग कामावरच्या मोठ्या मिस्त्रींना सांगितलं. त्यांनी विचारलं, रडायचंय का, तर खोलीवर जा. मला तसं काही वाटत नव्हतं. दवाखान्यात पोचलो तेव्हा आण्णांचा उजवा हात चादरीवर दुसऱ्याचा ठेवल्यासारखा पडला होता. बोलणं गेलं होतं. सगळं नाही, एक वाक्य राहिलं होतं. डॉक्टरांनी नाव विचारलं.

"झालंय आमचं," आण्णा म्हणाले.

गाव विचारलं. तेच. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, लई सवयीचं असतं तेवढं राहतं, बाकीचं सावकाश आलं तर येईल. आले नाहीत दुसरे शब्द. समजायचं सगळं, बोलायला मात्र तेवढंच. थंडी वाजते का, झालंय आमचं. चहा देऊ का, झालंय आमचं, आणि हात मात्र कपाकडं. आईनं त्याचं हसू करून टाकलं. "तुमचं झालंय ओ, आमचं कवा व्हायचं?" असं म्हणत ती त्यांचं अंग पुसायची. मी माझे रजेचे दिवस संपल्यावर परत खाणीवर गेलो.

भाऊ शिकला. धाराशिवला कारकून आहे. त्यानं काकांच्या शेजारचा, डोंगराच्या पायथ्याचा एक तुकडा घेतला. फोनवर म्हणाला, "दादा, ह्या येळवशीला ये. आण्णांना आपल्या रानात बसवायचंय. एकाला तरी हाक मारू दे त्यांना."

मी विचारलं, "कशी मारतील?"

तो म्हणाला, "तू ये तर."

मिस्त्रींनी रजा दिली, त्यांचंही देणं लागतो.

येळवशीच्या आदल्या दिवशी आई म्हणाली, दगड पावण्याकडचेच आण, नाहीतर ह्यांना चैन पडायची नाही. मी पिशवी घेतली तशी आण्णा बाजेवरून उठले, काठी शोधली, चपलेत डावा पाय घातला. मी म्हणालो, "वाट लई वाईट हाय, आण्णा. पडलाव म्हंजे?" ते थांबले. माझ्याकडं बघत राहिले. "झालंय आमचं," म्हणाले, आणि या वेळी ते रागानं होतं हे आम्हा सगळ्यांना कळलं. चप्पल पायातच ठेवून उंबऱ्यावर बसले. मी गेलो.

एकट्यानं ती वाट मी पहिल्यांदाच चालत होतो. बांधांवर कुणी नव्हतं. धबधबा होता तिथंच होता, धार मागच्यापेक्षा बारीक. मी तिच्याखाली हात धरला. गारवा कोपरापर्यंत आला आणि तिथंच थांबला. मी वाट बघितली, काहीतरी वाटेल म्हणून. लहानपण आठवेल, डोळे भरतील. तसं काही झालं नाही. मी आण्णांच्या झटक्याचा विचार करायचा ठरवला आणि विचार करत बसलो ते खाणीवरच्या खोलीला कुलूप नीट लावलंय का याचा. दगड तळहातावर ठेवून बघितले. डुगडुगणारे सोडले. पाच आहेत का ते पिशवी उघडून परत बघितलं, वाटेत काकांच्या विहिरीपाशी अजून एकदा बघितलं.

येळवशीला भावानं टेम्पो केला. रानाशी वळताना आण्णांनी काठी पुढं, डोंगराकडं केली. भाऊ म्हणाला, "आपलं रान आलं, आण्णा. उतरा." ते काठी तशीच धरून बसले. मग आईनं काठी घेतली आणि पिशवीतला एक दगड काढून त्यांच्या डाव्या हातात दिला. त्यांनी तो उलटा-पालटा करून बघितला, तळहातावर ठेवला, डुगडुगत नव्हता. उतरले.

कोप मी आणि भावानं सकाळीच उभी केली होती, थोडी एका बाजूला झुकली होती. दगड मांडले, आईनं चुना-कुंकू लावलं, निवद दाखवला. भावानं आण्णांचं कोपर धरलं आणि त्यांच्या हातून आंबील शिंपडली. आम्ही दोघं मोठी माणसं 'ओलगे ओलगे' म्हणत मागून चाललो. भावाचा आवाज जरा जास्तच मोठा येत होता. फेरी झाली आणि मग करायला काही राहिलं नाही. पानं मांडून सगळे बसलो, जेवलो मात्र नाही. एक पान जास्तीचं मांडलं होतं. आण्णा वाटेकडं तोंड करून.

कुणी येईना. ऊन वर आलं. आई म्हणाली, "भज्जी थंड व्हायली." भाऊ म्हणाला, "थोडं थांबू की." मला बसवत नव्हतं. उठून टेम्पोची चाकं बघून आलो, चारही ठीक होती.

मग बांधावरून काका येताना दिसले. आता पाठीत वाकलेत. स्वतःच्या रानाकडं चालले होते, आमच्याकडं बघत, पण न थांबता. हाक आल्याशिवाय कसं वळायचं? भाऊ उठायला लागला तर आईनं त्याचा सदरा धरला. "तू नको. बस."

आण्णांनी काठी रोवली. अर्धे उठले. तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. मानेची शीर ताठ झाली होती. काका आमच्या बांधाच्या टोकाला पोचले होते, अजून चार पावलं टाकली असती तर गेलेच.

"झालंय आमचं," आण्णा म्हणाले. मोठ्यानं.

भावानं खाली बघितलं. माझ्या हातात भज्जीची पळी होती, तिच्यातून थेंब थेंब माझ्या पायावर पडत होतं, ते गरम आहे की गार मला कळत नव्हतं. आण्णांनी परत तेच म्हटलं, त्याच जोरात, काठीसकट डावा हात आपल्याकडं ओढत, माणूस या म्हणताना ओढतो तसा.

काका थांबले. कपाळावर हात धरून आण्णांकडं बघत राहिले.

"तुमचं कवा झालं न्हवतं?" ते म्हणाले. "हितनं जाताना दर साली ऐकत आलोय. तुमचं झालंय, मला माहीत हाय." त्यांनी बांध ओलांडला, चपला कोपीबाहेर काढल्या. "माझं न्हाय झालं अजून. वाढा."

आणि जास्तीच्या पानावर बसले.

आई मला म्हणाली, "झोपलास का उभ्या उभ्या? वाढ की." मी वाढलं. काकांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, आमच्या भज्जीत मीठ बरोबर आहे म्हणाले, कोप वाकडी आहे म्हणाले. आण्णा खाली बसले होते पण जेवत नव्हते, काकांच्या पानाकडं बघत होते. पानात जरा जागा झाली की माझ्या गुडघ्यावर काठी टेकवायचे. "झालंय आमचं." मी वाढायचो. परत काठी. "झालंय आमचं." भज्जी, उंडा, आंबील, परत भज्जी. कुणी हसलं नाही, मग आई हसली.

शेवटी काकांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले. "बास. खरंच झालंय माझं."

आण्णांनी ते ऐकलं. डाव्या हातानं स्वतःच्या पानातला उंडा उचलला आणि काकांच्या बोटांवर ठेवला.

"झालंय आमचं," ते म्हणाले.