तीन मिनिटांची साक्ष

आमच्या ख्रिस्ती मंडळीत दुःखालाही मुदत होती. घरातलं माणूस गेलं की तीन महिने लोक येत, चटईवर बसत, प्रार्थना करत, चहा घेऊन जात. चौथ्या महिन्यात पाळकसाहेब साक्ष मागत. साक्ष म्हणजे भर उपासनेत उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगणं. वेळ तीन मिनिटं. आधी अंधार, मग प्रभूचा हात, शेवटी आनंद, असा क्रम ठरलेला. तीन मिनिटं झाली की पाळकसाहेब टेबलावरची घंटी दाबत. आनंदापर्यंत न पोचलेल्या माणसाला पुढच्या रविवारी पुन्हा उभं करत.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट आहे. दारव्ह्याला माझ्या थोरल्या बहिणीचा आठ वर्षांचा मुलगा भर उन्हाळ्यात विषमज्वरानं गेला. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता. तो मुळातच बोलत नसे, त्यामुळे त्याला प्रभूची शांती मिळाली, असं मंडळीनं आठवडाभरात ठरवून टाकलं. बहिणीचं तसं होईना. ती दर रविवारी यायची, बायकांच्या बाजूला बसायची आणि गाणी सुरू झाली की तोंड मिटून घ्यायची. तिच्या गप्प राहण्याची चर्चा वडीलमंडळींच्या बैठकीत दोनदा झाली. चर्चच्या छपराच्या गळतीची एकदाच झाली होती.

शेजारची बाई छप्पन सालानंतर बौद्ध झालेल्या घरातली. ती कुंपणापलीकडून म्हणायची, "आमी तं देवच काढून टाकले माय, कटकट गेली. तुमचा एकच हाय, अन् तोई साक्षी मागते!"

बहीण म्हणायची, "एकच हाय म्हणून तं सोडता येत नाही."

खरा प्रश्न तोच होता. तिला देव सोडायचा नव्हता. पण त्याच्याजवळ राहायचं तर आपण बरे झालो असं खोटं बोलावं लागेल, अशी तिची समजूत झाली होती. ती समजूत करून देण्यात आम्ही सगळे होतो.

डिसेंबरात मंडळीचा वार्षिक मेळावा असे. बाहेरगावचे पाहुणे येत. पाळकसाहेबांनी साक्ष देणाऱ्यांत बहिणीला धरलं आणि मला बोलावून सांगितलं, "तुम्ही पेपरात लिहिता. ताईंना जरा मुद्देसूद लिहून द्या."

मी तेव्हा यवतमाळच्या एका साप्ताहिकाला दारव्ह्याच्या बातम्या पाठवत असे. मुद्देसूद लिहिणं हा माझा धंदाच होता. मी लिहिलं. पहिल्या वाक्यात मृत्यू, दुसऱ्यात वय आणि आजार, मग उपचार, मग मंडळीचा आधार, शेवटी आनंद. घड्याळ लावून वाचलं. पावणेतीन मिनिटं भरली. एकही शब्द जास्तीचा नव्हता.

बहीण तूर निवडत होती. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"हे कोणाचं हाय?"

"तुझंच, बाई."

"मले तं ही बाई वळखू येत नाही," ती म्हणाली आणि सुपातला खडा अंगणात फेकला. तरी कागद तिनं घडी करून ठेवला.

मेळाव्याच्या दिवशी मांडव भरला होता. मागे पुलावाची पातेली उतरली होती आणि साक्षी भराभर आनंदाला पोचत होत्या. तिची पाळी आली. तिनं कागद उघडला, पाहिला आणि मिटला.

"मले बरं वाटून नाही राह्यलं," ती म्हणाली. "सारे म्हणतात, बरी झाली. मी नाही झाली. शाळा सुटली का अजून दाराकडं पाहतो. देवाचा राग येते. येवढंच."

ती बसली. अर्धं मिनिटही झालं नव्हतं. पाळकसाहेबांचा हात घंटीवर होता, पण वेळेआधी संपलेल्या साक्षीचं काय करायचं याचा नियम नव्हता. पाहुण्यांनी मांडवाच्या छताकडे पाहिलं.

तेवढ्यात मिशनच्या दवाखान्यातले म्हातारे कंपाउंडर उभे राहिले. त्यांचं नाव यादीत नव्हतं.

"माही पोरगी जाऊन बावीस वर्षं झाली," ते म्हणाले. "दरसाली इथं उभा राहून सांगतो, आनंद झाला म्हणून. नाही झाला."

बायकांच्या बाजूनं त्यांची बायको ओरडली, "मले घरी तं कधी सांगतलं नाही!"

"तूच म्हने ना, रडू नोका, लोकं पाहून राह्यले!"

मांडव हसला. ते हसू पुढे कुठे रडण्यात गेलं ते नीट सांगता येणार नाही. त्यानंतर सात-आठ जण उठले. कोणीच क्रम पाळला नाही. पुलाव थंड झाला. एका पाहुण्यांची दारव्ह्याहून सुटणारी मोटार चुकली आणि त्यांनी ते सर्वांना ऐकू जाईल असं सांगितलं.

यानंतर बहिणीचे हाल वेगळ्याच कारणानं वाढले. लोक तिच्या ओसरीवर येऊन रडू लागले. कंपाउंडर यायचे, त्यांची बायको वेगळी यायची. एक मास्तरीणबाई आर्णीहून यायच्या. "मले कोनी रडू देते का आता?" असं कुरकुरत ती चुलीवर आणखी एक कप पाणी वाढवायची.

पाळकसाहेबांनी यात लगेच प्रभूचं कार्य पाहिलं. दर गुरुवारी चार ते पाच, सुरुवातीला गीत, शेवटी आशीर्वाद, असा तक्ता घेऊन ते आले.

"वेळ नोका ठरवू पाळकसाहेब," ती म्हणाली. "लोकं घड्याळ पाहून रडतीन."

पाळकसाहेब ओशाळले. तक्ता खिशात घालून उठायला लागले, तेव्हा तिनं त्यांच्यापुढे कप ठेवला. ते बसले. मग कप रिकामा करून त्यांनी स्वतःची आई गेल्याचं सांगितलं. क्रम त्यांनाही जमला नाही.

शेजारची बाई कुंपणाला वळसा घालून आली ती याच सुमाराला. तिचाही एक मुलगा गेला होता; तोवर आमच्यापैकी कोणी तिला ते विचारलंच नव्हतं. दारातच ती म्हणाली, "मी तुमच्या देवाले हात जोडनार नाही, आधीच सांगून ठेवतो."

"नोको जोडू. बस."

मग बहिणीनं प्रार्थना केली. मंडळीत प्रार्थना छापील मराठीत व्हायच्या. ही वऱ्हाडीत होती आणि तिचे डोळे उघडे होते.

"देवा, माह्या पोराले तू काहून नेलं, ते तू सांगत नाही. मी तुह्यावर रागावली हाव. पन तुले सोडून सांगू कोनाले? हे इथं बसले हायेत, याइच्याकडं पाह्य. हिच्याकडंबी पाह्य, हात जोडत नाही तरी."

 शेजारच्या बाईनं पदर सारखा केला आणि दारातून सरकून आत चटईवर बसली.